उगमबाईंचे काळुंदर

उगमबाई रागावल्या की जुन्नरच्या अर्ध्या पेठेला ते ऐकू जायचं, आणि ज्या दिवशी काही ऐकू आलं नाही त्या दिवशी शेजारपाजारचे चौकशीला यायचे, बाईंना बरं नाही की काय म्हणून. दूधवाल्याच्या मापात फेस दिसला की बाई भडकायच्या. दुपारी कुणी दाराची कडी वाजवली की भडकायच्या, आणि दिवसभर कुणीच वाजवली नाही तर कुणाला आपली आठवण नाही म्हणून भडकायच्या. आता अशा बाईच्या हाताखाली सून म्हणून नांदायचं म्हणजे काय असेल, तुम्हीच बघा! चंदाबाई नांदत होती. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून, तोंडातून चकार शब्द न काढता.

घर ओसवाल मारवाड्यांचं. उगमबाईंचे सासरे मारवाडातून पाठीवर गाठोडं घेऊन आले आणि इथं तुपाचं दुकान घालून बसले. नवरा जवरीलाल प्लेगात गेला. गावाबाहेर बांबूच्या तट्ट्याच्या झोपडीत त्याला ठेवलं होतं आणि उगमबाईंना तट्ट्याच्या अलीकडे बसवलं होतं. पलीकडे श्वास चालू आहे की थांबला, हे त्यांना दिसत नव्हतं आणि सांगायलाही कुणी येत नव्हतं. सांगायला आले ते सगळं उरकल्यावर. तेव्हापासून बाई अशा झाल्या, असं म्हातारी माणसं सांगत. त्यांच्याहून म्हातारी माणसं म्हणत, छे हो, लग्न होऊन आल्या त्याच अशा.

जवरीलाल गेल्याला सात-आठ वर्षं झाली असतील. दसरा नुकताच झाला होता, पाऊस सरला होता आणि नाणेघाटानं बैल वर यायला लागले होते. भागू नावाचा एक गडी कोकणातून मीठ आणि सुकं खोबरं वर आणायचा. त्यानं एक दिवस उगमबाईंच्या ओट्याला टेकून बैल सोडले आणि हातातलं मडकं सावलीला ठेवलं. मडक्यात काहीतरी फडफडलं.

“काय रे त्यात?” उगमबाईंनी दारातूनच विचारलं.

“मासं हायती बाई. काळुंदर. खाडीतलं,” भागू म्हणाला. “सायबाच्या खानसाम्यानं जित्तं मागिवल्यात. सायबाला ताजं लागतंय. घाटात दर झऱ्याला पानी बदललं म्हनून जगलं.”

“म्हणजे मारायला जिवंत ठेवलेत?”

“तर वो. मेलेलं कशाला मागवंल?”

झालं! तळपायाची आग मस्तकाला गेली. बाई खाली उतरल्या, मडकं उचललं, भागूनं मागितले तेवढे पैसे त्याच्या अंगावर फेकले आणि मडकं पोटाशी धरून घरात शिरल्या. भागू ओरडला, “अवं बाई, सायबाला काय सांगू मी?”

“सांग उगमबाईनं नेले. हवे असतील तर इथं येऊन माग म्हणावं!”

साहेब काही आला नाही. मुलगा फतेचंद मात्र दुकानातून धावत आला. मडक्यात तीन मासे होते. तळव्याएवढे, चपटे, अंगावर उभे काळे पट्टे आणि पट्ट्यांवर मोत्यासारखे ठिपके. फतेचंदनं नाकाला उपरणं लावलं.

“आई, जैनाच्या घरात मासे? लोक काय म्हणतील? कुकडीच्या पात्रात सोडून दे आणि मोकळी हो.”

“कुकडीत? डोहावर गळ टाकून माणसं बसलीत ती काय जप करायला बसलीत? मी इकडे सोडणार आणि तिकडे ते कुणाच्या तव्यावर जाणार! जीव वाचवला म्हणायचं का त्याला?”

फतेचंद दुकानात परत गेला. आईशी वाद घालून तो कधी जिंकला नव्हता.

त्याच दिवशी उगमबाई जैन साध्वी उतरतात त्या स्थानकात गेल्या. चातुर्मास संपायचा होता, साध्वी मुक्कामाला होत्या, बायका जमलेल्या होत्या. सगळ्यांच्या देखत बाईंनी हात जोडले आणि नियम घेतला. हे तीन जीव माझ्या हवाली. माझ्या हातून, माझ्या हयगयीनं यातला एक जरी गेला तर त्या घडीपासून मी वर्षभर मौन धरीन.

साध्वी म्हणाल्या, “नियम घेताना विचार करावा, बाई.”

“केलाय,” बाई म्हणाल्या. विचार केलेला नव्हता, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

अहो, वर्षभर मौन! आणि कुणाचं, तर उगमबाईंचं! बातमी पेठेत पोचली तेव्हा लोकांनी पोट धरून हसून घेतलं. दूधवाला म्हणाला, आता माशांचं काही बरंवाईट झालं तर मी गणपतीला ओझरला पायी जाईन. ते बाईंच्या कानावर आलं आणि त्यांनी दूधवाला बदलला.

मासे मडक्यात ठेवून भागणार नव्हतं. रांजणात टाकले तर दिसत नव्हते, आणि बाईंना ते दिसायला हवे होते. जिवंत आहेत की नाहीत हे सकाळ-संध्याकाळ डोळ्यांनी बघता आलं पाहिजे, ही त्यांची एकच अट. म्हणून त्या पीरमहंमदच्या दुकानी गेल्या. पीरमहंमद पत्र्याचं काम करायचा. तुपाचे डबे करायचा आणि लग्नावरातीचे काचेचे कंदीलही. पेठेतले सगळे तूपवाले त्याच्याकडून डबे घ्यायचे. माणूस हाताचा चांगला, पण तोंडानं उगमबाईंच्याच तोलाचा.

“काचेची पेटी कर,” बाई म्हणाल्या. “दोन हात लांब. पाणी गळता कामा नये.”

“मयत ठेवायचं का काय त्यात?”

“तुझं ठेवीन. मासे ठेवायचेत.”

पीरमहंमदनं कानावरची विडी काढली आणि परत ठेवली. “गळायची न्हाई. पत्र्याची चौकट करतो, राळ अन मेन तापवून सांधं भरतो. वर झाकन?”

“गच्च बसणारं.”

“वाईच फट ठिवतो की.”

“फट ठेवलीस आणि माशी पडून मेली, डास पडून मेला, तर ते पाप कुणाच्या माथी? तुझ्या?”

“बरं, गच्च तर गच्च! माझ्या बाचं काय जातंय?”

पेटी आली. खिडकीजवळ चौरंगावर मांडली. कुकडीची वाळू आणून ती पाणी नितळ येईपर्यंत धुतली, एक चपटा दगड आणि शेवाळाचा झुपका आत ठेवला. भागू परत आला तेव्हा म्हणाला, खाडीचा मासा हाय, मूठभर मीठ टाका. बाईंनी टाकलं. आणि मग पाणी. आता इथं नीट ऐका. उगमबाई स्वतः कच्चं पाणी पीत नव्हत्या. विहिरीचं पाणी फडक्यानं गाळायचं, उकळायचं, निववायचं आणि झाकून ठेवायचं, कारण कच्च्या पाण्यात असंख्य जीव. जे स्वतःच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, ते या मुक्या जिवांच्या पोटात आपल्या हातानं कसं घालायचं? म्हणून माशांचं पाणीही उकळलेलं. रोज सकाळी सगळं जुनं काढून नवं भरायचं आणि वर झाकण गच्च लावायचं. सूर्य मावळल्यावर माशांना खाणं नाही. अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवी भाजी नाही म्हणून माशांनाही पालकाचं पान नाही, नुसता भिजवलेला भात. फतेचंद बायकोला म्हणाला, साहेबाच्या ताटात गेले असते तर सुटले असते बिचारे.

मासे पाण्याच्या वर तोंड काढायला लागले. तोंड उघडायचे, मिटायचे. बाईंना वाटलं, भूक लागलीय. त्यांनी भात जास्त टाकला. मासे भाताकडे बघेनात. एका सकाळी तिघांतला एक कुशीवर पडलेला दिसला, पांढरं पोट काचेला टेकलेलं.

उगमबाई काचेसमोर बसून राहिल्या. रडल्या असतील तर कुणी पाहिलं नाही. पण बसल्या बसल्या त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरायला लागली. आपल्या हातून? आपण तर उकळलेलं पाणी दिलं, झाकण लावलं, एक माशी आत पडू दिली नाही. आपल्या हातून कसा जाईल? मग कुणाच्या हातून गेला?

त्या तशाच उठल्या आणि पीरमहंमदच्या दुकानासमोर भर बाजारात उभ्या राहिल्या.

“विष घातलंस माझ्या पेटीत! मेल्या, तुझ्या राळेत विष आहे!”

पीरमहंमद हातोडा टाकून उठला. “कुनाला बोलता, बाई? वीस साल झालं या धंद्यात! राळ काय आजची हाय? तुमचं तूप भरतंय ह्याच डब्यात!”

“तेच सांगते! आज मासा मेला, उद्या माणूस मरेल. ज्यांना मरायचं असेल त्यांनी याचे डबे घ्यावेत!”

“माझ्या रोजीवर आलात बाई, बघा!”

“तू माझ्या जिवावर आलास!”

शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. आणि बाजार कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी एका तूपवाल्यानं सांगितलेले डबे नको म्हणून कळवलं. मग दुसऱ्यानं. डबे दुकानाच्या दारात रचलेले राहिले. पीरमहंमद हातोड्याला हात लावीना, नुसता बसून रस्त्याकडे डोळे वटारायचा. त्याची बायको जोहराबी बुरखा सावरत उगमबाईंच्या दारी आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “बाई, एक डाव पेठेत सांगा की तुमाला नक्की ठावं न्हाई म्हनून. तेवढंच सांगा.”

“मला नक्की ठाऊक आहे,” उगमबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

लबाडी म्हणा. पण बाई लबाड नव्हत्या, तो राग होता. राग खाली ठेवला असता तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं असतं, आणि त्याला तोंड द्यायची त्यांची तयारी नव्हती.

गंमत अशी की उरलेले दोन मासे हळूहळू तरतरीत झाले. वर तोंड काढेनासे झाले. पानं खाऊ लागले. बाईंनी काचेला बोट लावलं की मोठा होता तो धावून यायचा, पंख फुगवून, अंगाचे पट्टे काळेकुट्ट करून. काचेच्या अलीकडून बाईही डोळे मोठे करायच्या. “बघ, बघ कसा अंगावर येतोय, मेला!” त्या कौतुकानं म्हणायच्या. स्थानकात त्यांनी मान ताठ करून सांगितलं, राळेतलं विष उतरलं, आता माझ्या उकळलेल्या पाण्यानं दोघं धडधाकट आहेत. रोज जेवणं आटपल्यावर त्या स्थानकात जायच्या, सामायिकाला, घडीभर ध्यान लावून बसायला. त्या तेवढा वेळ घराबाहेर असायच्या. घरात चंदाबाई एकटी.

कार्तिकी जवळ आली तेव्हा बाईंच्या गुडघ्यानं दगा दिला. पायऱ्या उतरवेनात. म्हणून त्या दिवशी त्यांनी सामायिक घरीच मांडलं, मधल्या खोलीत. तोंडाला पट्टी बांधली, आसन अंथरलं, वाळूची घडी पालथी केली. वरच्या काचेतली वाळू खाली पडेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, कच्च्या पाण्याला शिवायचं नाही आणि मनात राग आणायचा नाही. यातले पहिले तीन नियम उगमबाई काटेकोर पाळत. समोरच्या दारातून खिडकी दिसत होती आणि खिडकीजवळची पेटी. सून मागच्या दारी विहिरीवर होती. सासूबाई घरीच बसल्यात हे तिला ठाऊक नव्हतं.

चंदाबाई कळशी घेऊन आली. पदर मागे टाकलेला. तिनं पेटीचं गच्च झाकण दोन्ही हातांनी ओढून काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं, आतलं थोडं पाणी उपसलं, पेटीवर फडकं धरलं आणि कळशी उंच उचलून विहिरीचं पाणी वरून धार धरून आत सोडलं. कच्चं पाणी! नुकतं काढलेलं, थंडगार, कच्चं पाणी!

उगमबाईंच्या डोक्यात आग पेटली. माझ्या घरात! माझा नियम मोडतेस! पट्टीआड तोंड उघडलं, पण शब्द बाहेर काढता येत नव्हता. उठता येत नव्हतं. घडीतली वाळू आत्ता कुठे पडायला लागली होती. आजवर बाईंच्या रागाला कुणी कधी अडवलं नव्हतं, आणि आज मूठभर वाळूनं अडवून धरलं. ये तू, ही वाळू संपू दे, मग दाखवते तुला!

पण वाळू सावकाश पडते आणि रागानं डोळे तर मिटत नव्हते. म्हणून त्या बघत राहिल्या. दुसरं काय करणार?

धारेखाली पाणी उसळलं, बुडबुडे उठले. दोन्ही मासे त्या बुडबुड्यांत येऊन नाचायला लागले. मग धाकटा मासा परत दगडाशी गेला. चपट्या दगडाच्या अंगावर काहीतरी चिकटलेलं होतं, मोहरीच्या दाण्यांसारखं, पुष्कळ. दोन दिवसांपूर्वीच बाईंनी ते पाहिलं होतं आणि शेवाळ धरलं असं समजून पुसायचं म्हटलं होतं. ती अंडी होती. धाकटा त्यांच्यावर तोंड लावून उभा राहिला आणि अंगाजवळचे पंख हलवायला लागला. पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता. एकाच जागी उभा राहून अंड्यांवर नुसतं पाणी ढकलत होता. आजाऱ्याच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालावा तसा. दमला की मोठा यायचा आणि तो घालायचा.

वारा. पाण्यात वारा. बाईंच्या मनात काहीतरी हललं. उकळून उकळून मेलेलं पाणी, वरून गच्च झाकण. वर येऊन तोंड उघडणारे, मिटणारे तीन मासे. त्यांना भूक नव्हती. त्यांना श्वास मिळत नव्हता, आणि त्या काचेच्या अलीकडे बसून ते बघत होत्या. या वेळी तर मध्ये तट्ट्याही नव्हता. सगळं दिसत होतं, आणि तरी दिसलं नाही.

वाळू संपली तेव्हा चंदाबाई आणखी एक कळशी भरून आली होती. बाईंनी पट्टी सोडली.

“चंदा!”

कळशी खाली पडली. चंदाबाईनं पदर ओढून घेतला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

“कधीपासून?”

“पहिला गेला त्या दिवसापासून,” पदराआडून उत्तर आलं. “माझं माहेर खाडीकाठी, सासूबाई. तिथं वारं पडलं की मासे असेच वर येतात. लहानपणी बघितलंय.”

“मग मला सांगितलं का नाहीस? सांगायला तोंड नव्हतं?”

चंदाबाईनं पडलेली कळशी उभी केली. मग म्हणाली, “सांगायला तुम्ही कधी गप्प बसलात?”

उगमबाईंचा हात वर गेला होता, तो तिथंच राहिला. त्यांना कळलं की हे फक्त या दोघींनाच ठाऊक आहे. सून मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. बाजारात पीरमहंमदचं विष तसंच राहील, स्थानकात मान तशीच ताठ राहील. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आणि तेवढंच एक बाईंना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

त्यांनी भिंतीला टेकवलेलं झाकण उचललं, दुसऱ्या हातानं सुनेचं मनगट धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत बाजारात निघाल्या.

“पीरमहंमद! ऊठ!”

तो डब्यांच्या राशीमागे बसला होता. “आता काय ऱ्हायलंय, बाई? दुकान जाळायचं ऱ्हायलंय, ते जाळा.”

“माझा मासा तुझ्या राळेनं मेला नाही. माझ्या पाण्यानं मेला. उकळलेल्या. आणि या झाकणानं मेला. हे गच्च मी मागितलं होतं.”

पीरमहंमद राशीमागून उठला. त्याचा चेहरा काही निवळला नाही, उलट लालभडक झाला. “वाईच मोठ्यानं बोला की! शिव्या दिल्या तवा पार त्या टोकाच्या दुकानापातूर ऐकू गेलं व्हतं. आज आवाज बसला का?”

“बहिरा झालास का रे, मेल्या?” बाई कडाडल्या, आणि त्या कडाडण्याच्या जोरातच रस्त्याकडे वळल्या. “ऐका सगळे! मासा मी मारला! पीरमहंमदच्या राळेत विष नव्हतं, विष माझ्या जिभेवर होतं! ज्यांनी माझं ऐकून डबे नको म्हटले त्यांनी आत्ता येऊन घेऊन जावेत, नाहीतर माझ्या दुकानात अडीनडीला तुपाचा थेंब मागायला येऊ नये!”

बाजार थांबला. मग कुणीतरी मागून म्हणालं, “अन मौनाचं काय, उगमबाई?”

हसू फुटलं. दूधवाला, जुना दूधवाला, सगळ्यात पुढे होता.

“आहे ना!” बाई त्याच्यावर खेकसल्या. “मी काय पळून चाललेय? हे बोलणं संपलं की सुरू.” त्यांनी झाकण पीरमहंमदसमोर आदळलं. “आत वारा गेला पाहिजे.”

पीरमहंमदनं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. आवाज जरा खाली आला होता. “भोकं पाडू का? किती पाडू? केवढाली?”

बाईंनी तोंड उघडलं. तोंडात उत्तर तयार होतं, त्यांच्या तोंडात ते नेहमीच तयार असायचं. सगळी पेठ बघत होती. बाईंनी ते गिळलं आणि सुनेचं मनगट सोडलं.

“हिला विचार,” त्या म्हणाल्या, आणि पदराचं टोक तोंडावर धरून दुकानाच्या पायरीवर बसल्या.

लग्न होऊन आल्यापासून चंदाबाईचा आवाज बाजारात कुणी ऐकला नव्हता. तिनं पदर थोडा वर केला. मग ती म्हणाली, “भोकं नकोत, भाऊ. मधला पत्रा कापून टाका आणि चाळणीची बारीक जाळी बसवा. माशी आत पडू नये आणि वारा जावा. आणि आज दिवस मावळायच्या आत पाहिजे. अंडी फुटायला आलीत.”

त्या टोकाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.